सावित्रीच्या खोऱ्यांतील जुन्या वाटा

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले पुष्कळ आहेत, लढाया त्याहून अधिक आहेत; पण रस्ते फारसे आढळत नाहींत. अमुक सरदार अमुक ठिकाणाहून निघाला आणि अमुक ठिकाणीं पोंचला, एवढें सांगून ग्रंथकार मोकळा होतो. मधल्या पन्नास-साठ मैलांत तो कोणत्या खिंडींतून गेला, त्याचे घोडे कोठें पाणी प्याले, त्याचें सामान कोणत्या उतारावर अडलें, याचा पत्ता वाचकास लागत नाहीं. वस्तुतः सह्याद्रीसारख्या प्रदेशांत रस्ता हा किल्ल्याच्या आधींचा असतो. समुद्रकांठचें मीठ वर जातें, देशावरचें धान्य खालीं येतें. त्या येण्याजाण्यानें वाट पडते. वाटेवर जकातीचें नाकें बसतें. नाक्याच्या रक्षणासाठीं चौकी होते. आणि चौकी पुरेनाशी झाली म्हणजे डोंगरमाथ्यावर किल्ला उभा राहतो. किल्ला डोळ्यांत भरतो म्हणून तो आपल्या स्मरणांत राहिला, आणि ज्या वाटेसाठीं तो बांधला गेला ती मात्र गवतांत गेली. हा विचार आमचा एकट्याचा नव्हे. परंतु तो पटण्यास नकाशा पुरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील जुन्या वाटांवर गेल्या कांहीं हिंवाळ्यांत आम्ही सायकलीवरून हिंडलों. तेथें जें पाहिलें आणि ग्रंथांशीं ताडून जें निश्चित वाटलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा या लेखाचा हेतु आहे.

इतिहासाचें साधन म्हणून सायकलीचें नांव घेतलें तर कित्येक विद्वानांस हंसूं येईल. परंतु विचार केला असतां या कामास तिच्याइतकें सोयीचें वाहन दुसरें नाहीं. मोटारींत बसलेल्या माणसास चढ कळत नाहीं. तो यंत्रास कळतो. पायीं चालणारास चढ कळतो, पण त्याची दिवसाची मजल थोडी, आणि एका खोऱ्याचा दुसऱ्या खोऱ्याशीं असलेला संबंध त्याच्या ध्यानांत येण्यास फार दिवस लागतात. सायकलस्वार या दोहोंच्या मधला आहे. बंदर, बाजार, लेणें आणि घाटाचा पायथा हीं सारीं तो एका दिवसांत पाहूं शकतो, आणि जमिनीचा प्रत्येक चढउतार त्याच्या मांड्यांत नोंदला जातो. शिवाय सायकलीचा एक गुण असा कीं, ती जेथें निरुपयोगी होते तेथेंही कांहीं शिकविते. कापड्याच्या पलीकडे एका ओढ्याच्या कांठीं आम्ही वाट विचारीत असतां एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "गुरुजी, हितनं फुडं चाक नाय चालायचं. आमचा आजा मिठाची गोण घेऊन याच वाटंनं वर जायाचा." घाटांतील दळणवळणाचा सारा इतिहास या दोन वाक्यांत आला आहे. चाक जेथें थांबतें तेथूनच जुना रस्ता सुरू होतो. कारण तो चाकासाठीं केलेलाच नव्हता. तो बैलाच्या खुरासाठीं, घोड्याच्या टापेसाठीं आणि माणसाच्या पावलासाठीं होता.

जुन्या रस्त्यांचा शोध घेण्याची ही हौस जपानांत विशेष दिसते. तोकुगावा घराण्याची सत्ता तेथें स्थिर होत असतां, १६०१ सालीं, एदो म्हणजे आजचें टोकियो आणि क्योतो या दोन नगरांस जोडणाऱ्या तोकाइदो नांवाच्या मार्गावर टप्प्याटप्प्यानें घोडे व हमाल ठेवण्याची व्यवस्था लावण्यांत आली. या मार्गावर ५३ टप्पे होते. डोंगराळ मुलखांतून जाणाऱ्या नाकासेन्दो नांवाच्या दुसऱ्या मार्गावर ६९ होते. १६०४ पासून दर एका 'री'वर, म्हणजे सुमारें अडीच मैलांवर, रस्त्याच्या बाजूस मातीचे उंचवटे करून त्यांवर झाडें लावण्याचा उपक्रम झाला. प्रवाशास त्यांवरून अंतर कळे आणि क्षणभर सावलीही मिळे. हाकोने येथील नाक्यावर एदोंतून बाहेर पडणाऱ्या सरदारघराण्यांतील स्त्रियांची कसून तपासणी होई. कारण त्या स्त्रिया म्हणजे सरदारांच्या इमानाच्या ओलीस होत्या. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या राजमार्गांवर गाड्यांस बहुतांशीं मज्जाव होता. तेथेंही रस्ता पावलांचा आणि खुरांचाच होता. आज त्यांचा मोठा भाग नव्या रस्त्यांखालीं गेला आहे. तरी त्सुमागो व मागोमे या टप्प्यांमधली डोंगरवाट जपून राखलेली आहे, हाकोनेच्या चढावरील दगडी फरसबंदी टिकवून ठेवलेली आहे, आणि सायकलीवर बसून उरलेले उंचवटे व खुणेचे दगड हुडकीत जाणारे हौशी प्रवासी त्या देशांत आढळतात.

सायकलीवरून दूरदेश पाहणारे साहसी पुरुष आपल्याकडेही होऊन गेले. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सायकलीवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चांत परत आले. जपान देशही त्यांनीं वाटेंत पाहिला. जगाचे रस्ते तुडविणाऱ्या या मंडळींचें कौतुक करावें तेवढें थोडें. आज आपल्या किल्ल्यांवर जाणाऱ्या तरुणांचीही संख्या मोठी आहे. परंतु किल्ल्यासाठीं वाट तुडविणारे पुष्कळ आणि वाटेसाठीं वाट पाहणारे थोडे, हें मान्य केलें पाहिजे.

आमच्या हिंडण्याचें ठाणें कापडे हें होतें. महाडाहून दक्षिणेस सुमारें अकरा मैलांवर पोलादपूर. पोलादपुराहून महाबळेश्वराच्या रस्त्यास लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर कापडे बुद्रुक येतें. कापडे खुर्द हें त्याचें जोडगांव. गांव लहान, पण त्याचें स्थान लहान नाहीं. येथून एक फांटा उमरठ व ढवळे या गांवांकडे डोंगरांच्या कुशींत शिरतो. दुसरी दिशा किनेश्वराकडे, म्हणजे जुन्या पार घाटाच्या पायथ्याकडे. तिसरा आंबेनळी घाटाचा डांबरी रस्ता. आणि मागें वळलें तर पोलादपूर, महाड व खाडी. चार दिशांस जाणाऱ्या चार वाटा जेथें जवळ येतात, त्या गांवच्या पारावर बसून इतिहास वाचण्याची गोडी कांहीं निराळीच आहे.

या खोऱ्याची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. महाबळेश्वराच्या पंचगंगेच्या देवळांत ज्या पांच नद्यांचा उगम मानतात त्यांपैकीं कृष्णा, कोयना व वेण्णा या पूर्वेकडच्या होऊन अखेर बंगालच्या उपसागरास मिळतात. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर व महाडावरून बाणकोटच्या खाडींत जाते. महाबळेश्वराचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच. पोलादपूर त्याच्यापासून सरळ रेषेंत पंधरा मैलांच्या आंत असून केवळ कांहींशें फूट उंचीवर. एवढ्या थोड्या अंतरांत एवढी उंची चढावयाची, म्हणून येथें वाट पडण्याच्या जागा मोजक्याच. आणि जागा मोजक्या म्हणून त्यांचें मोल मोठें. ज्याच्या हातीं घाट त्याच्या हातीं मीठ, जकात आणि युद्धाची किल्ली, हें सूत्र या खोऱ्यांत दोन हजार वर्षें टिकलेलें दिसतें.

दोन हजार वर्षें हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजिलेला नाहीं. महाडाजवळ, सावित्री व गांधारी यांच्या संगमाच्या बाजूस, गांधारपाल्याच्या डोंगरांत सुमारें तीस लेणीं आहेत. मुंबई-गोवा मार्गावरून जाणाऱ्या मोटारींतून तीं क्षणभर दिसतात आणि मागें पडतात. सायकलीवरून येणारास तीं बराच वेळ समोर असतात, आणि तीं नेमकीं त्याच ठिकाणीं कां, हा प्रश्न आपोआप सुचतो. तेथील एका ब्राह्मी लेखांत काणभोज विष्णुपालित नांवाच्या कुमारानें लेणें, चैत्यगृह, आठ खोल्या व पाण्याचीं टाकीं दान केल्याचा उल्लेख आहे. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. नदीच्या दुसऱ्या बाजूस कोल येथेंही लेणीं आहेत. बौद्ध भिक्षूंचीं लेणीं व्यापाराच्या वाटेवर असत, हें कार्ले, जुन्नर, नाणेघाट यांच्या अभ्यासानें सिद्ध झालेलेंच आहे. वर्षाकाळांत राहण्यास एकांत पाहिजे, पण भिक्षेस व दानास वाट जवळ पाहिजे. आणि थकलेल्या तांड्यास पाणी पाहिजे. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नावाड्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, त्यांत चौलाच्या दक्षिणेस पालैपत्मै असें एक नांव येतें. तें पालें म्हणजे महाडच होय, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तें मत बाजूस ठेवलें तरी लेण्यांची साक्ष पुरेशी आहे. भरतीच्या पाण्यावर गलबतें दासगांवापर्यंत आणि लहान होड्या महाडापर्यंत येत; तेथून पुढचा माल बैलांच्या पाठीवर चढे. समुद्र जेथें संपतो आणि घाट जेथून दिसूं लागतो त्या सांध्यावर हीं लेणीं कोरलेलीं आहेत.

आतां कापड्याहून पूर्वेकडे वळूं. पार घाटाची खरी थोरवी समजण्यास जावळीची ठेवण समजली पाहिजे. कोंकणांतून पार घाट चढून आलें म्हणजे माणूस एकदम देशावर येत नाहीं. प्रतापगडाच्या धारेवरून तो पुन्हां थोडा खालीं उतरून कोयनेच्या अरुंद खोऱ्यांतील पार या गांवीं येतो, आणि त्याच्यापुढें महाबळेश्वराची दुसरी भिंत उभी असते. ती ओलांडण्यास रडतोंडीचा घाट. चढणाऱ्याचें तोंड रडवें होतें म्हणून तें नांव पडलें, असें लोक सांगतात. त्या भिंतीपलीकडे मग वांईचा सुपीक मुलूख. म्हणजे जावळी ही दोन भिंतींच्या मधली, अरण्यानें भरलेली एक खोली, आणि तिला दोनच दारें. आदिलशाहीच्या नांवानें वागणारे पण मनांतून कोणासही न मानणारे चंद्रराव मोरे तेथें पिढ्यान्‌पिढ्या कां टिकले, याचें उत्तर या ठेवणींत आहे. त्यांच्या मुलखांत धान्य बेताचें पिके. पण दोन्ही दारांचीं कुलुपें त्यांच्या कमरेस होतीं.

१६५६ सालीं शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली आणि त्याच वर्षीं रायरीही हस्तगत केली. या प्रकरणाची चर्चा आपल्याकडे मोऱ्यांच्या वधाच्या नीतिअनीतीभोंवतीं फार झाली आहे. आमच्या मतें त्यांतला मुख्य मुद्दा भूगोलाचा होता. जावळी हातीं आल्यानें घाटावरचें मावळ आणि सावित्रीचें खोरें एकमेकांस जोडलें गेलें. महाडचा बाजार व खाडी आटोक्यांत आली. आणि रायरीचा, म्हणजे पुढच्या रायगडाचा, मार्ग खुला झाला. लागलीच मोरोपंत पिंगळ्यांकडून पार घाटाच्या माथ्यावर प्रतापगड बांधून घेण्यांत आला. हा किल्ला कशासाठीं, हें तटावर उभें राहून समजत नाहीं; तेथें दृश्य फार सुंदर आहे, आणि दृश्यानें विचार झांकला जातो. किनेश्वराच्या बाजूस सायकली ठेवून आम्ही जुन्या वाटेनें पायीं चढूं लागलों, तेव्हां वळणावळणास मान वर केली कीं गड डोक्यावर दिसे. तेव्हां ध्यानांत आलें कीं, या वाटेनें चढणारा एकही बैल गडाच्या नजरेंतून सुटत नव्हता.

तीन वर्षांनीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, या रचनेची परीक्षा झाली. अफजलखान वांईहून रडतोंडी उतरून पारास येऊन राहिला, म्हणजे त्या दोन भिंतींमधल्या खोलींत स्वतःच्या पायांनीं शिरला. महाराजांनीं घाटावरून नेताजी पालकर आणि कोंकणांतून मोरोपंत पिंगळे यांस आधींच जवळ आणून ठेविलें होतें. कोंकणांतून फौज आणावयाची तर ती सावित्रीच्या खोऱ्यांतल्या वाटांनींच यावयाची. भेटीच्या शामियान्यांत काय घडलें यावर पानेंच्या पानें लिहिलीं गेलीं. परंतु शामियान्यांतल्या प्रसंगानंतर खानाची एवढी मोठी फौज एका दिवसांत कां मोडली, याचें कारण वाटा होत. आंत आलेल्या सैन्यास बाहेर पडण्यास वाट ठाऊक नव्हती, आणि ज्यांस ती ठाऊक होती ते प्रत्येक तोंडाशीं उभे होते. घोडदळ, हत्ती आणि तोफा यांचा उपयोग मैदानांत. अरुंद वाटेवर तीच मोठी अडचण होते.

या स्वारीचें काव्यमय वर्णन ज्यानें केलें त्या कवींद्र परमानंदाची समाधि पोलादपुरास आहे. त्याचें 'शिवभारत' सदाशिव महादेव दिवेकरांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून तें अभ्यासकांस सुलभ झालें. जावळीच्या अरण्याचें आणि खानाच्या त्या प्रवेशाचें वर्णन करणारा कवि त्याच वाटेच्या पायथ्याशीं चिरविश्रांति घेत आहे, हा योग मनास स्पर्श करणारा आहे. घाईनें जाणाऱ्या गाड्यांतील किती जणांस तो ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

कापड्याहून उमरठाकडे जाणारा फांटा निराळ्या स्वभावाचा आहे. पार घाट हा राजमार्ग. ही घरगुती वाट. उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव; तेथें त्यांची समाधि आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजीं सिंहगडावर पडलेल्या या वीराचा देह ज्या घाटानें कोंकणांत आणला, त्याचें मढे घाट हें नांव त्यावरूनच पडलें, अशी परंपरा आहे. नांवाची व्युत्पत्ति कोणी मानो वा न मानो. त्या परंपरेंत एक सत्य निश्चित आहे. सिंहगड आणि उमरठ यांच्यामध्यें आज जिल्ह्यांच्या सीमा आणि मोटारीचा लांबचा वळसा आहे. त्या काळीं त्यांच्यामध्यें एक पायवाट होती, आणि तिनें तीं दोन्ही ठिकाणें शेजारचीं होतीं. मावळे कोंकणांतून देशावर इतक्या त्वरेनें कसे येत, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस विचारतात. ते दूरचे नव्हतेच. दूर आपण झालों, कारण आपण वाटा सोडल्या.

उमरठाच्या पुढें ढवळें. त्याच्या डोक्यावर चंद्रगड. तेथून एक अवघड वाट महाबळेश्वराच्या आर्थर सीटच्या कड्याकडे चढते. उत्तरेकडे राजमार्गापासून बाजूस असलेला कांगोरी ऊर्फ मंगळगड. मोठ्या वाटेवरचे गड युद्धास उपयोगी पडले, आणि बाजूचे गड कैद्यांस. सातारच्या छत्रपतींच्या घराण्यांतील चतुरसिंग भोसले यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें कांगोरीच्या कैदेंत काढलीं. आणि १८१७ सालीं पेशव्यांच्या लोकांनीं धरलेल्या हंटर व मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांस आधीं कांगोरीवर व पुढें वासोट्यावर ठेविलें होतें.

पेशवाईच्या अखेरीस या वाटा पुन्हां एकदां इतिहासांत येतात, पण आतां चढण्यासाठीं नव्हे, उतरण्यासाठीं. १७९६ सालीं पुण्याच्या कारस्थानांतून निसटलेले नाना फडणीस घाट अडवून, प्रतापगडावर शिबंदी ठेवून महाडास उतरले. तेथून रायगडाचा बंदोबस्त केला, आणि महाडांतच बसून निजामाशीं तह जुळवून पुण्याचा डाव पालटला. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं हडपसराजवळ पराभव केल्यावर दुसरे बाजीरावही सिंहगडावरून रायगड, महाड असे खालीं आले. परंतु ते येथें थांबले नाहींत. सुवर्णदुर्ग व तेथून जहाजानें वसई, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं तेथें इंग्रजांशीं तह. एकाच खोऱ्यांत दोन पुरुष सहा वर्षांच्या अंतरानें आश्रयास आले. एकानें घाटांकडे तोंड करून राज्याचा विचार केला, दुसऱ्यानें समुद्राकडे तोंड करून स्वतःचा. वाट दोघांस सारखीच होती. ती कोठवर न्यावयाची हें जाणाराच्या मनावर असतें.

इंग्रजी अमलांत वाटेचा धर्मच बदलला. १८२९ सालीं सर जॉन माल्कम यांनीं प्रतापसिंह महाराजांकडून वांईकडील खंडाळें गांवाच्या बदल्यांत महाबळेश्वराची जागा घेतली आणि तेथें हवा खाण्याचें ठाणें वसविलें. मुंबईचे साहेबलोक गलबतानें बाणकोटच्या खाडींतून वर येत, आणि पुढें पालखींत बसून पार व रडतोंडी हे घाट चढत. ज्या चढानें अफजलखानाच्या फौजेस रडविलें त्याच चढावर पालखी वाहणारे भोई घाम गाळीत. पुढें १८७६ सालीं गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांच्या नांवानें आंबेनळीचा गाडीरस्ता झाला. अभियंत्यानें डोंगराशीं झुंज घेतली नाहीं. त्यानें चढ लांबविला, वळसे घातले, आणि चाकास सोसेल एवढाच उभेपणा ठेविला. या रस्त्यानें सायकल चढविणें कठीण असलें तरी अशक्य नाहीं. मात्र दर वळणास जुन्या वाटेची आठवण होते, कारण जुनी वाट सरळ जात असे आणि नवी तिच्या भोंवतीं घिरट्या घालते. चाक घाटावर चढलें, आणि पार घाट ओस पडला. पारास कोयनेवर असलेला कमानींचा दगडी पूल, जो शिवकालीन म्हणून दाखवितात, आणि रामवरदायिनीचें देऊळ एवढें त्या वैभवांतून ठळकपणें शिल्लक आहे.

वाटेचा विचार करतांना आणखी एक प्रश्न टाळतां येत नाहीं: वाट कोणाची आणि वाटेवरचें पाणी कोणाचें? २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हाच प्रश्न साऱ्या देशास विचारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुसऱ्या परिषदेसाठीं ते समुद्रमार्गानें दासगांवास उतरले, आणि तेथून आपल्या अनुयायांसह पायीं महाडास आले. दासगांव ते महाड हा पांच मैलांचा रस्ता सायकलीस अर्ध्या तासाचा आहे. ग्रीकांच्या काळापासून त्यावरून माल गेला, फौजा गेल्या, साहेब गेले. परंतु आमच्या मतें त्यावरून गेलेली सर्वांत मोठी यात्रा ती होय. गांधारपाल्याच्या लेण्यांत एका राजकुमारानें पाण्याच्या टाक्यांचें दान दिलें होतें. त्याच नगरांत अठराशें वर्षांनीं पाण्याच्या एका ओंजळीसाठीं सत्याग्रह करावा लागला. हा उतार कोणत्याही घाटापेक्षां खोल आहे, आणि इतिहास शिकविणाऱ्यानें तो झांकून ठेवूं नये.

आतां सध्यांच्या स्थितीविषयीं. सावित्रीचें खोरें अलीकडे वारंवार वर्तमानपत्रांत आलें तें दुःखाच्या कारणानें. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडाजवळचा इंग्रजी अमदानींतील पूल पुरांत कोसळून त्याबरोबर एस्‌. टी. च्या दोन गाड्या वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजीं आंबेनळी घाटांत बस दरींत कोसळून तीस माणसें दगावलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड येऊन ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यांतील केवनाळें व साखर-सुतारवाडी येथेंही डोंगर खचला, आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणीं तुटला. जुन्या वाटांचे लोक शहाणे होते आणि आपण मूर्ख, असला सोपा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. जुन्या वाटांवरही माणसें मरत, त्यांची मोजदाद मात्र कोणी ठेविली नाहीं. परंतु जुनी वाट ओढा कोठें ओलांडते, कोणती धार सोडते आणि कोणती धरते, यांत शेंकडों पावसाळ्यांचा अनुभव सांठलेला असतो. तो अनुभव कागदावर नाहीं. तो पायवाटेच्या रेषेंत आहे. रेषा पुसली कीं अनुभवही गेला.

आणि ती रेषा पुसली जात आहे. कोठें दरडीनें वाट गिळली आहे, कोठें नव्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा मुरूम तिच्यावर पडला आहे, आणि बहुतेक ठिकाणीं केवळ कोणी जात नाहीं म्हणून कारवीनें ती झांकली आहे. गोण वाहणाऱ्या आजाची गोष्ट सांगणारे वृद्ध आतां थोडे उरले. त्यांचे नातू कामासाठीं मुंबई-पुण्यास आहेत, आणि सुटीस गांवीं येतात ते मोटारीनें. किल्ल्यास निदान सरकारी फलक आणि शिवभक्तांची गर्दी आहे. वाटेस कोणी नाहीं.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. जपान्यांनीं सगळा तोकाइदो राखिला नाहीं; त्यांनीं थोडे तुकडे राखिले आणि बाकीच्याच्या खुणा लिहून ठेविल्या. आपल्याकडेही प्रथम नोंद व्हावी. महाड-पोलादपुराकडील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं एकेका हिंवाळ्यांत एकेक वाट चालून जावी. फरसबंदी, दगडांत खोदलेल्या पायऱ्या, पाण्याचीं टाकीं, चौकीचीं जोतीं, घाटमाथ्यावरचे देव, विश्रांतीचीं झाडें, या सर्वांची जागा नकाशावर मांडावी. आणि गांवांतील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून वळणावळणाचीं नांवें टिपून घ्यावीं. वाटेचें नांव हाही एक शिलालेखच आहे, केवळ तो दगडावर नसून जिभेवर कोरलेला असल्यामुळें अल्पायुषी आहे. मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहांत वाटेवर सिमेंट ओतूं नये आणि रंगीत कमानी उभारूं नयेत, एवढी विनंति आहे. वाटेस शोभा नको आहे. तिला पावलें पाहिजेत.

राष्ट्राची स्मृति केवळ त्याच्या तटांबुरुजांत राहत नाहीं. तट माणसांस वेगळें करतो. वाट त्यांस जोडते. सावित्रीच्या खोऱ्यानें भिक्षु, व्यापारी, मावळे, मुत्सद्दी, भोई आणि सत्याग्रही या सर्वांस एकाच मातीवरून नेलें. त्यांपैकीं राजांचीं व सरदारांचीं नांवें आपण जपलीं. ओझीं वाहणाऱ्यांचीं नांवें आपणांस कधींच कळावयाचीं नाहींत. त्यांनीं मागें ठेविलेला एकच लेख म्हणजे त्यांच्या पावलांनीं झिजलेली ही वाट. ती वाचण्याजोगी आहे तोंवर वाचून ठेवणें, हें निदान आमच्या पिढीकडून व्हावयास पाहिजे.